आधी रिकामा काटा दाखवा: पिंपळनेर ते मुक्ताईनगर, हिलालनानांसोबत

सहलीला माणूस आवडीच्या माणसाबरोबर जातो. मी मात्र माझ्या शाळेच्या सगळ्यात मोठ्या विरोधकाला घेऊन गेले, आणि तेही तीन दिवस, एसटीने.

पारोळा तालुक्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मुख्याध्यापक सर पहिली-दुसरी बघतात, तिसरी-चौथी माझ्याकडे. जूनपासून मी या दोन्ही वर्गांना जरा उलटं शिकवायला घेतलं होतं. धड्याचा छोटा व्हिडिओ मी घरी बनवायचा, पालकांच्या मोबाईलवर पाठवायचा, मुलांनी तो संध्याकाळी पाहून यायचं आणि वर्गात मात्र बडबड माझी नाही, त्यांची. गटात बसायचं, मोजायचं, मांडायचं, भांडायचं. प्रशिक्षणात याला मोठमोठी नावं आहेत, ती तुम्हाला सांगून झोप आणत नाही.

डिसेंबर लागता लागता गावात कुजबुज सुरू झाली आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ती उघड झाली. समितीचे अध्यक्ष हिलालनाना, कापूस पिकवणारे, अडुसष्ट वर्षांचे, आवाज असा की ध्वनिक्षेपक नको. त्यांची नात तेजल माझ्या चौथीत. नाना उभे राहिले. "मॅडम, तुम्ही शिकाडतस कव्हय? मी खिडकीमाईन देखं, पोरेच बोली राह्यंतात अन् तुम्ही भिंतले टेकीसन उभ्या!"

सभा हसली. माझे कान तापले. मग नानांनी मुद्द्याला हात घातला. रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला तयार होती. तेरा पालकांना शाळा सोडल्याचे दाखले हवे होते आणि त्यात तेजलचाही होता. तेरा गेले की माझ्या दोन वर्गांत नऊ मुलं उरणार. पट इतका घसरला की शाळेचं पुढे काय होतं, हे खेड्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

मी हट्टी आहे. आई म्हणायची, हिला नाही म्हणू नका, ती तेच करेल. मी म्हणाले, "नाना, सोमवारपर्यंत थांबा. हेच काम करणाऱ्या दोन शाळा मला माहीत आहेत. एक पार पश्चिमेला, एक पूर्वेला. माझ्याबरोबर चला. परत आल्यावरही तुम्हाला हे खोटं वाटलं तर मी सोमवारी स्वतः दाखले लिहून देते, आणि उरलेल्यांना फळ्यावर शिकवते."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. कापसाची दुसरी वेचणी उरकली होती. "चला," म्हणाले, "पन भाकरी मी घरनी लई येसू."

बुधवार: पारोळा ते पिंपळनेर

खानदेशात फिरणाऱ्यांसाठी एक सोय आहे. साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, मुक्ताईनगर ही सगळी गावं एकाच महामार्गाला लागलेली. पश्चिमेला तोंड करून बसलात की डोंगर, पूर्वेला तोंड करून बसलात की केळी. आम्ही सकाळची धुळ्याची गाडी धरली. बाईमाणूस म्हणून माझं अर्धं तिकीट, ज्येष्ठ नागरिक म्हणून नानांचं अर्धं. कंडक्टर म्हणाला, "दोघं मिळून एकच प्रवासी." नानांना हे आवडलं नाही.

डिसेंबरात जाणार असाल तर स्वेटर आणि कानटोपी घ्याच. एसटीच्या खिडकीची काच जिथे हवी तिथे कधीच थांबत नाही. धुळ्याच्या स्थानकात पोहे आणि चहा झाला, दोघांचं शंभराच्या आत भागलं. तिथून साक्री आणि साक्रीहून गाडी बदलून पिंपळनेर. पांझरा नदीच्या बाजूने रस्ता जात राहतो, कपाशी कमी होते, मका आणि कांदा दिसू लागतो आणि समोर निळे डोंगर उभे राहतात. नाना वाटभर शेतांना नावं ठेवत होते. कुणाची कपाशी किडली, कुणाचं ठिबक गळतं, सगळं त्यांना धावत्या गाडीतून दिसतं. माझा वर्ग मात्र त्यांनी दोन मिनिटं खिडकीतून पाहिला होता, असं मी मनात म्हणाले. तोंडावर म्हणायचं धाडस सकाळी होत नव्हतं.

पिंपळनेरच्या पुढे काळी-पिवळी जीप मिळते. भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली म्हणजे किती, हे ड्रायव्हर ठरवतो. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात बुधवारचा आठवडी बाजार होता. तिथे चौरे सर भेटणार होते. वरच्या पाड्यावर त्यांची शाळा आहे, मुलं थोडी आणि मोबाईलला रेंज नाही. मी त्यांना एका प्रशिक्षणात भेटले होते आणि उलट्या वर्गाची कल्पना खरं तर त्यांचीच उचलली होती.

मला वाटलं सर जीपपाशी उभे असतील. सर होते बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, ताडपत्रीखाली. पुढ्यात एक स्टूल, त्यावर लॅपटॉप आणि दोन-तीन वायरी. डोंगरावर रेंज नाही म्हणून सर दर बाजारी खाली येऊन बसतात. पालक बाजाराला येतातच. मोबाईल सरांकडे देतात, पिशव्या भरेपर्यंत आठवड्याचे धडे मोबाईलमध्ये भरून होतात.

एक बाई डोक्यावरची पाटी उतरवत म्हणाली, "सर, फोन भरी द्या, तवलोंग मी मिरच्या लई येस."

"अक्का, फोन घरमा कव्हय ऱ्हास?" सरांनी विचारलं.

"दिनभर त्यास्नाजोडे ऱ्हास. सैपाकना टाईमले घरमा येस."

सरांनी वही उघडली आणि तिच्या मुलीच्या नावापुढे 'स्वयंपाकाची वेळ' असं लिहिलं. मी वही पाहायला मागितली. प्रत्येक मुलापुढे एवढंच लिहिलेलं होतं, घरातला फोन घरात कधी असतो. कुणाचा फक्त रविवारी. कुणाचा ऊसतोडीला गेलेल्या बापाबरोबर, म्हणजे नाहीच. तिथे शेजारच्या मुलाचं नाव, त्याच्याबरोबर पाहायचं.

मी वही परत दिली. जूनपासून मी एक्केचाळीस व्हिडिओ बनवले होते. स्वयंपाकघरात, ओट्यावर मोबाईल टेकवून, कधी शेजारणीच्या मिक्सरच्या आवाजात. पण फोन घरात कधी असतो, हे मी एकाही घरी विचारलं नव्हतं. मी पालकांच्या ग्रुपवर धडा टाकत होते आणि सकाळी वर्गाला विचारत होते, "सगळ्यांनी पाहिला का?" त्यावर सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणायचा, आणि मला तो सूर फार गोड वाटायचा.

नाना तोवर मिरच्या चाखून बघत होते. मुक्काम सरांच्या घरी झाला. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा. नानांनी घरून आणलेल्या भाकऱ्या सरांच्या आईला देऊन टाकल्या आणि नागलीच्या तीन खाल्ल्या.

गुरुवार: पाड्यावरची शाळा

सकाळी सरांच्या मोटारसायकलवर नाना आणि एका पालकाच्या गाडीवर मी, असे वर गेलो. शाळा बघायला जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. आधी शिक्षकांना आणि केंद्रप्रमुखांना विचारून जा, आणि चॉकलेटं नेऊ नका, गोष्टींची पुस्तकं न्या.

दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात चिंच. धडा वजनाचा होता. मुलं घरून पाहून आलेली, त्यामुळे सर काही शिकवत बसले नाहीत. मुलांनी काठीला दोरीने डबड्यांची झाकणं बांधून तराजू केले होते. सर नानांना म्हणाले, "नाना, आज तुम्ही व्यापारी. पोरं नागली विकायला येतील."

नाना खुलले. तीस वर्षं ते ज्या बाजूला उभे राहिले, तिच्या पलीकडे उभं राहायला मिळत होतं. त्यांनी टोपी तिरकी केली, खाटेवर बसले आणि सगळ्यांची नजर चुकवून चिंचेचा एक गोळा एका झाकणाच्या खाली चिकटवला. मला डोळा मारला. काटा मारण्याची ही पद्धत त्यांनी बाजारात भोगली असणार, कारण हात अगदी सराईत होता.

"टाका माल काटावर," नाना गरजले.

पहिल्या गटातली मुलगी पुढे आली. असेल नऊ वर्षांची, हातात नागलीची पिशवी. तिने पिशवी पाठीमागे धरली. "आबा, पहिले रिकामा काटा दखाडा."

"कसाले?"

"रिकामाच वाकडा व्हई तं भरेल कसा सरळ व्हई?"

नाना म्हणाले, व्यापाऱ्याला घाई आहे, इतर गिऱ्हाईक खोळंबलंय. त्यांनी आवाज चढवला. मुलगी हलेना. मागून गट ओरडू लागला, रिकामा दखाडा, रिकामा दखाडा! शेवटी नानांनी काटा उचलला आणि तो सगळ्यांसमोर एका बाजूला कलला. दोन मुलं खाली वाकली, चिंच सापडली आणि अंगणात असा गोंगाट झाला की झाडावरचे पक्षी उडाले. मग सर बोलले, तेही एकच वाक्य, की आता ती चिंच किती वजनाची ते शोधा. सगळे गट कामाला लागले. सर भिंतीला टेकून उभे राहिले.

मी नानांकडे पाहिलं. तेही भिंतीला टेकलेल्या सरांकडेच पाहत होते. हळू म्हणाले, "तीस वरीस मी कापूस इकस, मॅडम. एक डाव बी व्यापारीले म्हनं नही, रिकामा काटा दखाड."

मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी खरोखर माया वाटली. ती पाचेक मिनिटं टिकली. नानांना त्या मुलीचा फोटो काढून घरी दाखवायचा होता. सरांनी हो म्हटलं, पण नानांचा मोबाईल फोटो घेईना, जागा भरली म्हणे. "देखा जरा," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी उघडला. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, कापसाचे भाव, पुन्हा गुलाब. आणि खाली आमचा तिसरी-चौथीच्या पालकांचा ग्रुप. माझे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस व्हिडिओ तिथे होते, एकही न उघडलेला.

"नाना, हे काय?"

त्यांनी चष्मा वर केला. "हाई? माले वाटनं तुम्ही बी गुड मॉर्निंग धाडतस."

"तेजल घरी कुणाच्या फोनवर पाहते?"

"घरमा एकच फोन शे. अन् तो मना खिसामा ऱ्हास. बजारभाव देखना पडस ना."

मी ओट्यावर बसले. संताप आला, खोटं कशाला सांगू. हा माणूस सभेत उभा राहून मला विचारतो, शिकवता कधी, आणि माझं सगळं शिकवणं सहा महिने याच्याच छातीवरच्या खिशात पडलेलं! तोंडाशी आलेले शब्द मी गिळले, कारण त्यांच्या मागोमाग दुसरे शब्द येत होते आणि ते मला उद्देशून होते. सरांची वही आठवत होती. तेजल रोज "हो" म्हणत होती. तिच्याबरोबर आणखी किती जण म्हणत होते, मला माहीतच नव्हतं. मी धडे पाठवले होते, पोहोचवले नव्हते.

मी नानांना हे सगळं सांगितलं. माझी चूक आधी आणि त्यांची नंतर. ते चिंचेच्या झाडाकडे बघत राहिले. दुपारी साक्रीहून गाडी धरली आणि जळगावपर्यंत आम्ही एकमेकांशी केवळ पाण्याच्या बाटलीपुरतं बोललो. जळगावात नाना त्यांच्या लेकीकडे उतरले, मी बहिणीकडे. बहिणीने वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी केली होती. या दिवसांत जळगावला येऊन भरीत न खाता गेलात तर दोष तुमचा. मी मात्र दोनच घास खाल्ले आणि वही काढून बावीस मुलांची नावं लिहिली. प्रत्येकापुढे एक रिकामा रकाना.

शुक्रवार: केळीच्या मुलखात

भुसावळ सोडलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात आणि रस्ता हिरवा होतो. मुक्ताईनगरला नानांनी आधी मुक्ताईचं दर्शन घेतलं, मग आम्ही रिक्षा करून जवळच्या गावातल्या शाळेत गेलो. मी म्हटलेली पूर्वेची शाळा ती हीच, भारंबे मॅडमची. चांगली रंगवलेली, भिंतीवर मोठा टीव्ही. मी हळहळले, आपल्याकडे हा नाही. भारंबे मॅडम म्हणाल्या, "तो दिवाळीपासून बंद आहे. तुमच्या नशिबी नाही, तेच बरं."

वर्ग मागच्या ओट्यावर भरला होता. केळीचा घड तोलताना दांड्याचंही वजन त्यात येतं आणि ते किती धरायचं यावरून शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याची जुनी कुरबुर आहे. मुलं आठवडाभर घरोघरचे दांडे गोळा करून तोलत होती आणि घडाच्या मानाने दांडा किती, ते भिंतीवर खडूने लिहीत होती. फाटकाशी एक पालक उभे होते. नानांनी विचारलं, हे काय चाललंय? "हाव ना भाऊ, पोरं दांडा तोली रायली," ते अभिमानाने म्हणाले, "आता मलेच इचारता, बाबा तुम्ही किती धरता."

भारंबे मॅडमनी मला कोपऱ्यात घेऊन खरं ते सांगितलं. त्यांचे अर्धे व्हिडिओ वाया गेले. पाढे आणि वाचन त्यांनी पुन्हा फळ्यावर आणलं. "सगळं उलटं करू नका," त्या म्हणाल्या, "आणि एकदम पाहिलं का असं विचारू नका. कुणी नाही पाहिलं, असं विचारा. नाही म्हणणाऱ्याला पुढे बसवा आणि तिथेच दाखवा." मी ते वहीत लिहिलं.

परतीच्या गाडीत नानांनी न विचारता मोबाईल काढला. गुलाब आणि सूर्य पुसायला मला लावले आणि माझा पहिला व्हिडिओ उघडला. आवाज पूर्ण. सगळ्या गाडीत माझा आवाज घुमू लागला: "मुलांनो, ही एक भाकरी. हिचे आपण चार सारखे भाग करूया..." मला सीटखाली जावंसं वाटलं.

"आबा, आवाज कमी करा," कंडक्टर म्हणाला.

"शाळा चालू शे भो, शाळा," नाना मान न उचलता म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "मॅडम, मांगे मिक्सर चालू शे तुमना."

"शेजारणीचा आहे."

पुढच्या सीटवरची म्हातारी वळून विचारू लागली, या बाई कोण. नानांनी व्हिडिओ थांबवला, हे महत्त्वाचं, थांबवला आणि म्हणाले, "आमना गावन्या मॅडम शेतस." मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण डोळे भरून आले होते. पारोळा येईपर्यंत त्यांनी सात धडे पाहिले. सोमवारी काय करणार, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परत गावात

सोमवारच्या सभेला गाव लोटलं होतं. पिवळ्या गाडीवालाही आला होता. मी दाखल्यांचं पुस्तक टेबलावर ठेवलं, कारण शब्द दिला होता. मग उभी राहून आधी माझी चूक सांगितली: फोन घरात कधी असतो, हे न विचारता मी सहा महिने धडे पाठवले, आणि मुलांच्या एकसुरी होकारावर खूश राहिले.

नाना उठले. त्यांनी खिशातून मोबाईल काढून दाखल्यांच्या पुस्तकावर ठेवला.

"मॅडमले तोलाले निंघनू व्हतू मी," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं. "पहिले मना रिकामा काटा दखाडस. हाऊ फोन. एक्केचाळीस धडा शेतस यामा. मी एक बी उघाडेल नव्हता, अन् नातले बी दिधा नही. तुमना फोन काढा बठ्ठा. ज्यानी उघाडेल शे, त्यानीच दाखला मांगा."

मग एकाने खिशात हात घातला, दुसऱ्याने मान खाली घातली. चार पालकांनी तरीही दाखले नेले आणि मी ते लिहून दिले. त्यांचा राग नाही, पण ती चार नावं हजेरीत वाचायची सवय अजून गेलेली नाही. नऊ जण राहिले, त्यात तेजल.

आता प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर माझ्या टेबलावर एक वही आहे. अठरा मुलं, त्यांच्यापुढे फोनची वेळ. पाढे फळ्यावर आलेत. शाळा सुटल्यावर नाना आणि आणखी दोन आजोबा तासभर आपापले फोन शाळेच्या ओट्यावर आणून बसतात, ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी. तुम्ही शिक्षक असाल तर हा प्रवास जरूर करा, आणि बरोबर तुमच्या विरोधकाला न्या. एकटीने गेले असते तर मी फक्त सरांचा तराजू पाहून आले असते.

काल सकाळी मी वर्गाला विचारलं, "कुणी पाहिला नाही?" तेजलने एकटीने हात वर केला.

"नही पाह्या मॅडम," ती म्हणाली. सहा महिन्यांतलं तिचं पहिलं नाही. "घरमा नानाच देखी राह्यनात. माले फोन देतसच नही."

मी तिला पुढे बसवलं आणि माझ्या फोनवर धडा लावून दिला.